नॉरफॉकचे पक्षी : एका इंग्लिश परगण्याचे ऋतुचक्र

इंग्लंडचा नकाशा पाहिला असता पूर्वेच्या बाजूस उत्तर समुद्रात पुढे आलेला, पाठीला बाक आल्यासारखा एक भूभाग दिसतो. तेथे नॉरफॉक नावाचा परगणा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ दीडपट. येथे उंच पर्वत नाहीत. परगण्यातील सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांच्या आसपासच भरते. सपाट शेते, संथ नद्या, दलदली आणि वाळूचे किनारे असा हा साधा प्रदेश. तथापि पक्षी पाहण्याचा छंद असलेल्या इंग्रज माणसाला हा परगणा तीर्थक्षेत्रासारखा वाटतो. वर्षातील कोणत्याही महिन्यात तेथे जावे, काही पक्षी नुकतेच आलेले असतात आणि काही निघण्याच्या तयारीत असतात. ही वर्दळ का चालते, कोणत्या ऋतूत कोण येते, आणि या पाहुण्यांची बडदास्त कोण ठेवते, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रवाशांचा चव्हाटा

नॉरफॉक हे विषुववृत्तापासून साडेबावन्न अंशांहून अधिक उत्तरेस आहे. त्यामुळे तेथील दिवसमानात विलक्षण फरक पडतो. जूनच्या अखेरीस दिवस जवळजवळ पावणेसतरा तासांचा असतो, तर डिसेंबरात तो साडेसात तासांच्या आसपास येऊन ठेपतो. उन्हाळ्यात किडामुंगी विपुल आणि पिलांना भरविण्यास दिवसही लांब. म्हणून आफ्रिकेत हिवाळा काढलेले पक्षी वसंतात येथे घरटी करण्यास येतात. हिवाळ्यात हीच भूमी आपल्याला गारठलेली वाटेल. परंतु ग्रीनलंड, आइसलंड किंवा सायबेरिया येथे राहणाऱ्या पक्ष्याला ती उबदारच होय. उत्तरेकडील जमीन महिनोन्महिने बर्फाखाली असते. नॉरफॉकच्या किनाऱ्यावरील चिखल मात्र समुद्राच्या सान्निध्यामुळे सहसा गोठत नाही, आणि चिखल मऊ असला की त्यातील अन्न चोचीला मिळते. अशा रीतीने एकच परगणा काही पक्ष्यांचे माहेर आणि काही पक्ष्यांचे हिवाळी बिऱ्हाड ठरतो.

याहून नवलाची गोष्ट अशी की, पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या येथील कित्येक जागा माणसाच्या हातून झालेल्या आहेत. परगण्याच्या पूर्व भागात ‘ब्रॉड्‌स’ नावाची उथळ तळी आहेत. ती निसर्गनिर्मितच आहेत असा पुष्कळ काळ समज होता. डॉ. जॉइस लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात तपास करून दाखवून दिले की, या मध्ययुगातील खाणी आहेत. त्या काळी लोकांनी सरपणासाठी पीट नावाची जळाऊ माती खणून नेली, पुढे पाण्याची पातळी वाढली, खड्डे बुडाले आणि त्यांची तळी बनली. परगण्याच्या पश्चिमेस ऊज नदीच्या पुराला वाट मिळावी म्हणून सतराव्या शतकात दोन समांतर कालवे खोदण्यात आले. त्या दोहोंमधील लांबट पट्टा हिवाळ्यात पाण्याखाली जातो, आणि तेथे आज हजारो हंस व बदके उतरतात. ही जागा कोणी व कशासाठी खोदली याची चौकशी पक्षी करीत नाहीत. वेळेवर पाणी, पोटापुरते अन्न आणि थोडी शांतता एवढेच त्यांना हवे असते. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता ऋतूंकडे वळू.

हिवाळा : उत्तरेचे पाहुणे

डिसेंबरातील पहाट. वॉश नावाच्या विस्तीर्ण उपसागराच्या काठी स्नेटिशॅम हे गाव आहे. तेथे उजाडण्यापूर्वीच काही मंडळी जाड कपडे घालून बांधावर उभी असतात. पूर्वेकडे तांबडे फुटू लागते, आणि समुद्राच्या बाजूने प्रथम एक अस्पष्ट कोलाहल ऐकू येतो. मग काळसर रेषा दिसतात, त्यांच्या माळा होतात, आणि हजारो गुलाबी पायांचे कलहंस डोक्यावरून शेतांकडे जाऊ लागतात. हे पक्षी आइसलंड व पूर्व ग्रीनलंड येथून सप्टेंबरच्या मध्यापासून येऊ लागतात. रात्री ते चिखलाच्या उघड्या मैदानावर झोपतात. कारण तेथे कोल्हा चोरपावलांनी येऊ शकत नाही. दिवसा ते शेतात चरतात. नॉरफॉकमध्ये साखरेसाठी बीट पिकवितात. बीट काढून नेल्यावर त्याची पाने व शेंडे शेतात पडून राहतात. तेच या कलहंसांचे मुख्य अन्न. शेतकऱ्याने लगेच नांगर घातला तर पक्ष्यांचे ताट उलटले. चार-आठ दिवस थांबला तर दोघांचेही भागते, कारण उरलेला पाला खाण्यात गुंतलेले पक्षी शेजारच्या कोवळ्या गव्हाकडे वळत नाहीत.

येथे एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पौर्णिमेच्या सुमारास आकाश निरभ्र असले, तर हे कलहंस चांदण्यातच चरत राहतात आणि पहाटेचे ते भव्य उड्डाण होतच नाही. म्हणून जाणते लोक घरून निघण्यापूर्वी तिथी पाहतात!

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या गवताळ भागात ब्रेंट नावाचे लहान, काळे कलहंस दिसतात. त्यांचे घर सायबेरियाच्या अगदी उत्तर टोकाला, तैमिर द्वीपकल्पाच्या बाजूस आहे. एखाद्या वर्षी त्यांच्या थव्यांत पिले पुष्कळ असतात, तर एखाद्या वर्षी जवळजवळ नसतातच. याचे कारण लेमिंग नावाच्या, उंदरासारख्या एका प्राण्यात सापडते. ज्या वर्षी तेथे लेमिंग विपुल, त्या वर्षी ध्रुवप्रदेशातील कोल्ह्यांचे पोट त्यांच्यावर भरते आणि कलहंसांची पिले वाचतात. लेमिंग कमी झाले की कोल्ह्यांची नजर घरट्यांकडे वळते. हजारो कोस दूरच्या उंदरांची स्थिती काय होती, हे नॉरफॉकच्या किनाऱ्यावर पिले मोजून सांगता येते!

वेल्नी येथे, वर सांगितलेल्या दोन कालव्यांच्या मधल्या पट्ट्यात, हंसांचा मेळा भरतो. आइसलंडहून येणारे हूपर हंस आणि उत्तर रशियातून येणारे थोडे लहान ब्यूइक हंस असे ते दोन प्रकार. हूपर हंसांची संख्या वाढत गेली आहे. ब्यूइक हंस मात्र अलीकडे कमी दिसतात. त्यांची एकंदर संख्या घटली आहे हे एक कारण. शिवाय युरोपातील हिवाळे सौम्य होत चालल्यामुळे त्यांतील कित्येक वाटेतच, पूर्वेकडील देशांत, मुक्काम करतात. हवामान पालटत असल्याची ही जिवंत नोंदच म्हणावयाची.

हिवाळ्यातील थोड्या साध्या पक्ष्यांचाही उल्लेख केला पाहिजे. यार नदीच्या खोऱ्यात बकनम येथे संध्याकाळी रूक व जॅकडॉ या कावळ्यांच्या जातीचे हजारो पक्षी एकत्र येऊन झाडीत वस्तीला उतरतात. आपल्या गव्हाणी घुबडाचा भाऊबंद भर दुपारी कुरणावर तरंगताना दिसतो, कारण थंडीत केवळ रात्रीच्या शिकारीवर त्याचे भागत नाही. आणि झाडे निष्पर्ण असताना, इतर पक्षी मुके असताना, लाल छातीचा चिमुकला रॉबिन कुंपणावर बसून गातच असतो. हिवाळ्यातही त्याला आपल्या हद्दीचे रक्षण करावयाचे असते, म्हणून हे गाणे.

वसंत : दक्षिणेची चाहूल

मार्चच्या मध्यास चिफचॅफ नावाचा, चिमणीहून लहान पक्षी आपल्या नावाचेच दोन स्वर आळवू लागला की हिवाळा संपला असे समजावे. एप्रिलमध्ये भिंगऱ्या येतात. दुभंगलेल्या लांब शेपटीची ही भिंगरी आपल्यालाही परकी नाही. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे तारांवर रांगेने बसलेले दिसतात. मात्र आपल्याकडे येणाऱ्या भिंगऱ्या हिमालयात व आशियाच्या उत्तर भागात वाढलेल्या असतात. इंग्लंडच्या भिंगऱ्या दक्षिण आफ्रिकेत हिवाळा काढतात. ही गोष्ट कशी कळली तेही ऐकण्याजोगे आहे. हॅरी विदर्बी यांनी १९०९ मध्ये इंग्लंडात पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची हलकी कडी घालण्याची योजना सुरू केली. १९११ च्या मे महिन्यात स्टॅफर्डशायर परगण्यात एका घराच्या ओसरीवर घरटे करणाऱ्या भिंगरीच्या पायात असे कडे घालण्यात आले. तीच भिंगरी १९१२ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली. वजन जेमतेम वीस ग्रॅम, आणि प्रवास सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरांचा! त्याआधी तर्क अनेक होते. त्या एका कड्याने पुरावा दिला.

एप्रिलच्या अखेरीस कुक्कूची साद ऐकू येते. हा आपला कोकीळ नव्हे. कोकीळ काळाभोर आणि तांबड्या डोळ्यांचा. कुक्कू राखी रंगाचा, पोटावर पट्टे असलेला, आपल्या पावशाच्या जवळचा. दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालण्याची खोड मात्र सर्वांची सारखीच. ब्रॉड्‌सच्या काठी बोरूच्या बनांत राहणारे वटवटे हे त्याचे नेहमीचे बळी. ब्रिटनमधील पक्ष्यांच्या गणतीचे व अभ्यासाचे काम करणारी प्रमुख संस्था नॉरफॉकमध्येच, थेटफर्ड येथे आहे. तिने २०११ मध्ये पाच नर कुक्कूंच्या पाठीवर चिमुकली उपग्रह-यंत्रे बसविली. तेव्हा असे आढळले की, हे पक्षी जूनमध्येच इंग्लंड सोडतात, काही इटलीवरून तर काही स्पेनवरून आफ्रिकेत उतरतात, आणि अखेर काँगोच्या अरण्यात एकत्र येतात. ज्याला आपण इंग्लिश पक्षी म्हणतो, तो वर्षातील फार थोडे आठवडे इंग्लंडात असतो! पुढे याच संस्थेच्या साहाय्याने मंगोलियातही कुक्कूंवर यंत्रे बसविण्यात आली. त्यांपैकी एक पक्षी २०१९ च्या शरदात भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेत गेला. आपल्या डोक्यावरूनही असे प्रवासी जात असतात; आपल्याला त्याचा पत्ता नसतो इतकेच.

याच दिवसांत बोरूच्या बनातून एक गंभीर, घुमणारा आवाज येतो. रिकाम्या मोठ्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा. हा बिटर्न नावाच्या बगळ्याचा आवाज. पक्षी बोरूच्या वाळक्या पानांच्या रंगाचा. धोका दिसला की चोच आकाशाकडे करून तो असा ताठ उभा राहतो की दहा पावलांवरूनही दिसू नये. आवाज मात्र तीन-चार किलोमीटर जातो. त्याच बनावर दलदली भोवत्या घिरट्या घालतो. मादी अंडी उबवीत असता नर शिकार घेऊन येतो आणि आकाशातच ती सोडतो. मादी घरट्यावरून उठून, उडता उडता पाठीवर वळून, ती वरचेवर झेलते.

उन्हाळा : घरटी आणि संकटे

मेच्या आरंभी पाकोळ्या येतात आणि ऑगस्टच्या आरंभी निघून जातात. जुन्या घरांच्या छपराखालच्या फटी हे त्यांचे घर. घरट्यात बसण्याचा काळ सोडला तर या पाकोळ्या दहा-दहा महिने हवेतच राहू शकतात, तेथेच खातात आणि तेथेच झोप घेतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये सिद्ध केले. नव्या घरांना फटी नसतात आणि जुन्या घरांची डागडुजी करताना त्या बुजविल्या जातात. आफ्रिकेहून आलेला पक्षी आपल्या नेहमीच्या फटीपाशी येतो, तो तेथे सिमेंट! म्हणून आता कित्येक ठिकाणी नव्या भिंतींत पाकोळ्यांसाठी पोकळ विटा बसवितात.

उत्तर किनाऱ्यावर ब्लेकनी पॉइंट नावाची वाळू-गोट्यांची लांबलचक जीभ समुद्रात गेली आहे. १९१२ पासून ती ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे आहे. येथे आणि जवळच्या स्कॉल्ट हेड बेटावर सुरय पक्ष्यांच्या वसाहती असतात. छोटा सुरय हा त्यांतील सर्वांत नाजूक. नर मासा आणून मादीपुढे धरतो. तिने तो घेतला की सोयरीक जमली. घरटे म्हणजे गोट्यांतला एक खळगा, आणि अंडी गोट्यांसारखीच. शत्रूच्या डोळ्यांना ती दिसत नाहीत हे खरे, पण फिरायला आलेल्या माणसाच्या पायांनाही ती दिसत नाहीत! उधाणाची एक लाट, एक कोल्हा, किंवा मोकळा सोडलेला एक कुत्रा संपूर्ण वसाहत उठवू शकतो. म्हणून उन्हाळाभर तेथे राखणदार असतात, दोऱ्या बांधून वाटा वळविलेल्या असतात. तरीही सर्व गोष्टी राखणदाराच्या हाती नसतात. २०२२ च्या उन्हाळ्यात पक्ष्यांच्या फ्लूची साथ आली आणि ब्रिटनच्या किनाऱ्यावरील सुरय व इतर सागरी पक्ष्यांच्या वसाहतींत मोठी हानी झाली.

परगण्याच्या दक्षिणेस ब्रेकलंड नावाचा रेताड, कोरडा माळ आहे. तेथे करवानक राहतो. पिवळ्याधमक मोठ्या डोळ्यांचा, दिवसा निश्चल बसणारा आणि रात्री ओरडणारा. आपल्या माळरानावरील करवानक त्याचा सख्खा नातलग. फरक एवढाच की आपला बारमाही येथेच राहतो, तर इंग्लंडातील बहुतेक करवानक हिवाळ्यात दक्षिणेस जातात. त्याला आखूड गवत लागते, आणि ते आखूड ठेवण्याचे काम ससे करतात. हे ससेही माणसानेच मध्ययुगात मांसासाठी व कातड्यासाठी तेथे आणून पाळलेले. काही करवानक नांगरलेल्या शेतातच अंडी घालतात. तेव्हा स्वयंसेवक घरटे शोधून खूण करतात आणि शेतकरी तेवढी जागा सोडून यंत्र चालवितो.

शरद : जाणे आणि येणे

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ खऱ्या गर्दीचा. स्नेटिशॅमला आता पुन्हा जावे; मात्र या वेळी पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला. ओहोटीच्या वेळी वॉशमधील चिखलाचे मैदान क्षितिजापर्यंत उघडे असते आणि त्यावर असंख्य पक्षी विखुरलेले असतात. प्रत्येकाची चोच वेगळी, म्हणून प्रत्येकाचे ताटही वेगळे. कुरवाची लांब, वाकडी चोच खोल बिळातला किडा काढते. कालवफोड्याची बळकट चोच शिंपला उघडते. नॉट नावाचा पक्षी आखूड चोचीने वरच्या थरातले लहान शिंपले टिपतो, ते सबंध गिळतो आणि आपल्या स्नायुमय पेषणीत दळतो. एकाच चिखलावर सर्वांचे पोट भरते आणि भांडणाला फारसे कारण उरत नाही.

भरती चढू लागली की हे मैदान आकसत जाते. भांगाच्या भरतीला थोडा चिखल शिल्लक राहतो. उधाणाला सर्वच बुडतो. मग ग्रीनलंड व उत्तर कॅनडा येथून आलेले हे नॉट, कित्येक हजार, कधी तर लाखाच्या घरात, एकदम उठतात. तो थवा धुरासारखा वळतो. पक्ष्यांच्या पाठी दिसल्या की काळा, पोटे दिसली की रुपेरी. शेवटी ते बांधाच्या आतील तळ्यांच्या काठावर इतक्या दाटीने उतरतात की जमीनच दिसत नाही. ही तळी म्हणजे वाळू-गोटे काढल्यामुळे झालेले जुने खड्डे! येथेही माणसाने सोडलेल्या जागेचाच पक्ष्यांना आधार मिळाला.

ऑक्टोबरात पूर्वेचा वारा सुटला की उत्तर समुद्र ओलांडून आलेले लहान पक्षी किनाऱ्यावरील झुडपांत कोसळल्यासारखे उतरतात. त्यांत गोल्डक्रेस्ट नावाचा पक्षी असतो. त्याचे वजन पाच-सहा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेहून फारसे अधिक नाही. एवढासा जीव रात्रीच्या रात्री खवळलेल्या समुद्रावरून येतो! त्याच्या पाठोपाठ स्कँडिनेव्हियातून कस्तुर जातीचे थवे येतात आणि कुंपणावरची तांबडी फळे फस्त करतात. एव्हाना आकाशात कलहंसांच्या माळा पुन्हा दिसू लागलेल्या असतात, आणि चक्र पूर्ण होते.

गेलेले आणि परतलेले

हे सर्व वाचून नॉरफॉक म्हणजे पक्ष्यांचे नंदनवन आहे असे वाटेल; पण या परगण्याचा इतिहास तसा निर्मळ नाही. क्रौंच पक्षी दलदली आटविल्यामुळे व शिकारीमुळे सुमारे चारशे वर्षांपूर्वी ब्रिटनमधून नाहीसा झाला. वर वळलेल्या चोचीचा उचाट्या एकोणिसाव्या शतकात तेथे घरटी करीनासा झाला. दुर्मिळ पक्षी मारून, पेंढा भरून काचेच्या कपाटात ठेवणे ही त्या काळी प्रतिष्ठेची गोष्ट होती, आणि पक्षी जितका दुर्मिळ तितकी त्याला किंमत अधिक. बिटर्नचीही तीच गत झाली.

पालट कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. १९११ मध्ये सटन ब्रॉडवर एमा टर्नर आणि जिम व्हिन्सेंट यांना बिटर्नचे पिलू आढळले; नॉरफॉकमध्ये तो पक्षी पुन्हा घरटे करू लागला होता. १९२६ मध्ये डॉ. सिडनी लाँग या नॉर्विचच्या वैद्यांनी पुढाकार घेऊन क्ले गावची सुमारे ४०० एकर दलदल विकत घेतली आणि ती पक्ष्यांसाठी कायम राखण्याकरिता एक विश्वस्त संस्था स्थापन केली. परगण्यापुरती अशी संस्था ब्रिटनमध्ये ही पहिलीच. आज तेथे अशा चाळीसहून अधिक संस्था आहेत. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राला प्रलयकारी उधाण आले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशेहून अधिक माणसे दगावली, आणि क्लेची दलदलही खाऱ्या पाण्याखाली गेली. लोकांनी प्रथम घरे सावरली, मग बांधही सावरले.

उचाट्याच्या पुनरागमनाची कथा तर विलक्षणच. दुसऱ्या महायुद्धात शत्रू किनाऱ्यावर उतरू नये म्हणून शेजारच्या सफक परगण्यातील काही सखल जमिनींत मुद्दाम पाणी सोडले होते. त्या उथळ पाण्यात १९४७ मध्ये उचाट्यांनी पुन्हा घरटी केली, आणि १९७७ मध्ये ते क्ले येथे आले. क्रौंचही १९७९ मध्ये आपण होऊन ब्रॉड्‌समधील हॉर्सी येथे उतरले, आणि १९८२ मध्ये त्यांचे पहिले पिलू उडू लागले. जमीनमालकाने ही बातमी कित्येक वर्षे गुप्त ठेवली. प्रसिद्धीने पक्ष्यांचा घात होतो हे त्याला माहीत होते. आज ब्रिटनमध्ये दोनशेहून अधिक क्रौंच आहेत. कीटकनाशक विषांमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन १९७१ मध्ये साऱ्या ब्रिटनमध्ये दलदली भोवत्याचे एकच घरटे उरले होते; ती विषे बंद झाल्यावर आता चारशेहून अधिक जोड्या आहेत. बिटर्नचे घुमणारे नर १९९७ मध्ये ब्रिटनभर अवघे अकरा होते. बोरूची बने वाळत चालली होती. त्यांत पाणी परत आणले, शाकारणीसाठी बोरू वेळच्या वेळी कापला, आणि ती संख्या आता दोनशेच्या पुढे गेली आहे.

याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. टर्टल होला हा पक्षी पूर्वी नॉरफॉकच्या प्रत्येक कुंपणात घुमत असे. शेतातील तण संपूर्ण नाहीसे झाले, त्याबरोबर तणाचे बी गेले. शिवाय येण्याजाण्याच्या वाटेवर त्याची शिकार होत राहिली. गेल्या पन्नास-साठ वर्षांत ब्रिटनमध्ये या पक्ष्यांची संख्या शंभरांतून पाचांच्याही खाली गेली आहे. दलदल विकत घेता येते. सबंध शेतीची रीत विकत घेता येत नाही. म्हणून या होल्याचे भवितव्य कोणा एका संस्थेच्या नव्हे, तर हजारो शेतकऱ्यांच्या हाती आहे.

आपल्यासाठी

नॉरफॉकमधील उचाट्या, दलदली भोवत्या, तलवार बदक, थापट्या, क्रौंच हे सर्व पक्षी जातीने आपल्याही ओळखीचे आहेत. हिवाळ्यात ते मध्य व उत्तर आशियातून आपल्या तलावांवर येतात. बडोदे संस्थानाने १९१० मध्ये बांधलेला वढवाणा तलाव किंवा गोदावरीवरील नांदूरमधमेश्वराचा बंधारा हे पाटबंधाऱ्यासाठी झाले. आज दोन्ही आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा मानल्या जातात. खाणीच्या खड्ड्याचे तळे होते आणि तळ्याचे तीर्थ होते, हे केवळ इंग्लंडातच घडते असे नाही.

नॉरफॉकची ही सर्व माहिती मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी एकट्याने गोळा केलेली नाही. शिक्षक, टपालवाले, गृहिणी, शाळकरी मुले यांनी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी जाऊन पक्षी मोजले आणि आकडे लिहून ठेवले. ब्रिटनमध्ये पाणपक्ष्यांची अशी गणती १९४७ पासून अखंड चालू आहे. आपल्याकडेही १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी-गणना होते आणि तीत कोणासही भाग घेता येतो. विद्यार्थी मित्रांनो, एक वही, एक पेन्सिल आणि गावाजवळचे एक तळे एवढी सामग्री प्रारंभास पुरेशी आहे. कोणता पक्षी कोणत्या तारखेला प्रथम दिसला, किती दिसले, केव्हा गेले, एवढेच लिहावे. पहिल्या वर्षी ती केवळ यादी असेल. दहा वर्षांनी तीच यादी सांगेल की तुमच्या तळ्यावर कोण येईनासे झाले आहे. आणि हे वेळीच कळले, तर त्याला परत बोलाविण्याचा उपायही सुचेल.